न्यायालय व्हिसा देत नाही
ऑस्ट्रेलियातील नोकरी आणि कायदा : लेखांक ६

व्हिसाच्या नकारावर दाद मागितली आणि न्यायाधिकरणातही नकार आला, की अर्जदार म्हणतो, ‘आता कोर्टात जाऊ, तिथे खरं-खोटं होईल.’ नेमकं तेच तिथे होत नाही.

तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाचे तीन टप्पे आपण आधी पाहिले आहेत. पहिल्यांदा धंद्याला प्रायोजक म्हणून मान्यता, मग ठरावीक पदासाठी नॉमिनेशन आणि शेवटी माणसाचा व्हिसा. १९९६चा ४५७ क्रमांकाचा व्हिसा गेला, मार्च २०१८मध्ये ४८२ आला, डिसेंबर २०२४मध्ये त्याचं ‘स्किल्स इन डिमांड’ झालं. पण ही उतरंड कायम राहिली. खालचं मडकं निघालं की वरचं टिकत नाही.

समजा, सिडनीच्या हॅरिस पार्कमधल्या एका रेस्टॉरंटने साताऱ्याच्या शेफसाठी नॉमिनेशन केलं. व्हिसा देणारं सरकारी खातं विचारणार, हे पद खरोखरचं आहे का? चार टेबलांच्या जागेला तीन शेफ कशाला? की हे नुसतं पार्सलचं दुकान आहे? (फास्टफूड आणि पार्सलवर चालणाऱ्या दुकानांना शेफचं पद दाखवता येत नाही.) पगाराची किमान मर्यादा जुलै २०२३मध्ये वर्षाला ५३,९०० डॉलरवरून एकदम ७०,०००वर गेली आणि त्यानंतरही वाढली. छोट्या मालकाला ती झेपणं सोपं नाही.

आता नॉमिनेशन नाकारलं गेलं, तर दाद मागायची ती मालकाने. शेफ त्या प्रकरणात पक्षकारच नसतो. मालकाला वकिलाचा खर्च परवडला नाही किंवा त्याने धंदाच विकून टाकला, तर शेफने जमवलेली प्रशस्तिपत्रं कुणी बघायची? शिवाय, ऑस्ट्रेलियात राहून व्हिसाच्या नकाराविरुद्ध न्यायाधिकरणात जाताना एक तर मंजूर नॉमिनेशन हाताशी हवं, नाहीतर प्रायोजकत्वाच्या किंवा नॉमिनेशनच्या नकाराविरुद्धचं प्रकरण तिथे चालू तरी हवं. यातलं काहीच नसेल तर न्यायाधिकरण ‘आम्हाला अधिकार नाही’ एवढंच सांगून प्रकरण बंद करतं. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत अन्यायकारक जागा वाटते. ज्याचं घरदार पणाला लागलेलं असतं, त्याच्याच हातात काही नसतं.

न्यायाधिकरण निदान नव्याने विचार करतं. १४ ऑक्टोबर २०२४पासून हे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे आहे. तिथे नवे कागद देता येतात, साक्ष देता येते. त्याच्या निर्णयावर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात जाता येतं, पण तिथे प्रश्न वेगळा असतो. निर्णय देणाऱ्याने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली का, एवढंच न्यायाधीश पाहतात. कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, भलत्याच कसोटीवर अर्ज तपासला, म्हणणं मांडायची संधी दिली नाही, अशा चुकांवर तिथे दाद मागता येते. शेफ उत्तम स्वयंपाक करतो की नाही, हा विषयच निघत नाही.

ही वाटसुद्धा संसदेने जवळजवळ बुजवली होती. २००१मध्ये १९५८च्या मायग्रेशन अ‍ॅक्टमध्ये कलम ४७४ बसवून असे निर्णय अंतिम ठरवले गेले आणि त्यांना न्यायालयात आव्हान देऊ नये, असं लिहिलं गेलं. २००३मध्ये ‘एस १५७’ खटल्यात हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते कलम रद्द केलं नाही. पण मुळात अधिकाराबाहेर जाऊन घेतलेला निर्णय हा कायद्याच्या दृष्टीने निर्णयच नाही, तेव्हा त्याला या कलमाचं संरक्षण कसं मिळेल, असं म्हटलं. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या ७५(५) कलमाने हायकोर्टाला दिलेला तपासणीचा अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. आपल्याकडच्या रिट अर्जांशी परिचय असणाऱ्यांना यात ओळखीचा सूर सापडेल.

२०१३चा ली खटला कायम राहण्याच्या व्हिसाचा, पण नोकरीच्या व्हिसालाही लागू पडणारा. स्वयंपाकी म्हणून अर्ज केलेल्या बाईंच्या कौशल्य-मूल्यांकनात चुका होत्या आणि त्यांची फेरतपासणी सुरू होती. तोवर थांबा, ही विनंती न्यायाधिकरणाने धुडकावली. तुम्हाला पुरेशा संधी मिळाल्या, असं कारण दिलं. हायकोर्टाने हा निर्णय अवाजवी ठरवला.

पण २०१८च्या हुसेन खटल्याने दुसरी बाजू दाखवली. चूक झाली असली, तरी ती झाली नसती तर निकाल बदलू शकला असता का, हेही पाहिलं जातं. तिथे अर्जदाराकडे सरकारी देणं थकलेलं होतं, त्यामुळे व्हिसा तसाही मिळाला नसता, खटला फसला. आपल्या शेफला नेमकं हेच आडवं येतं. न्यायाधिकरणाने सुनावणीत घोळ घातला असेल, पण मंजूर नॉमिनेशनच नव्हतं, तर त्या घोळाने काय बिघडलं?

न्यायालयात जायची मुदत निर्णयाच्या तारखेपासून ३५ दिवस. ती चुकल्यास लेखी कारणं देऊन वाढवून मागता येते, पण मिळेलच असं नाही. आणि जिंकलं तरी व्हिसा मिळत नाही. प्रकरण पुन्हा न्यायाधिकरणाकडे जातं. मंजूर नॉमिनेशन साधारण बारा महिने टिकतं, खटला त्याहून लांबू शकतो. म्हणून वकिलाकडे जाताना पहिला प्रश्न न्यायाधिकरणाच्या चुकीचा नसावा. मालक अजून धंद्यात आहे का, नवं नॉमिनेशन करायला तयार आहे का, हे विचारून मगच फी भरावी.

खटला चालू असताना देशात राहायचं कसं आणि काम करता येतं का, हा ब्रिजिंग व्हिसाचा विषय पुढच्या लेखांकात.