घाटातली माती आणि मजुराचे माप

मुंबईहून पुण्याला येताना बोरघाटातले बोगदे आपण सारेच पाहतो. भरावाकडे कोणी पाहत नाही. हा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. डायनामाइटचे पेटंट १८६७ चे. तेव्हा पहारीने खडकाला भोक पाडावे, बंदुकीची दारू ठासून सुरुंग उडवावा आणि फुटलेला माल भरावावर नेऊन टाकावा, हीच रीत. डोंगर कापून निघेल त्यानेच घळ भरली, म्हणजे वाहतूक थोडक्यात भागते.

आता मजुरीचा हिशेब पाहा. खणलेली माती आधी फुगते, पुढे पावसाने दबते. म्हणून माप भरावावर नव्हे, खड्ड्यात घ्यावे. त्यासाठीच खड्ड्यात मूळ जमिनीचे खुंट राखतात. शंभर घनफुटांचा ब्रास सगळीकडे सारखाच. पण माती किती लांब आणि किती उंच वाहिली, त्याप्रमाणे दर वाढला पाहिजे.

१८६१ साली या घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. त्याआधी, १८५९ साली, मजुरी वेळेवर व पुरी मिळेना म्हणून तेथे दंगल उसळली. युनियनच्या कामात मी एवढेच शिकलो : घोषणा द्यावी, पण आधी टेपचे दुसरे टोक मजुराने स्वतःच्या हाती धरावे.