भूतकाळाचे भूत

फ्रेंच शिकणारे मूल ज्या घरी आहे, तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते : "बाकी सगळे ठीक, पण तो भूतकाळ!" आणि खरेच, पाहणे म्हणजे 'व्वार', त्याचे होते 'व्ह्यू'. जगणे म्हणजे 'विव्र', त्याचे 'वेक्यू'. 'आव्वार' एवढ्या ऐसपैस क्रियापदाचे उरते नुसते 'यू'!

मी पडलो मराठीचा मास्तर. मला या तक्रारीचे हसू येते. आपले 'जा' भूतकाळात 'गेला' कसे होते, हे आपण कधी कोणाला विचारले आहे का? 'जा' आले संस्कृत 'या' धातूपासून, 'गेला' आले 'गत'पासून. दोन घराण्यांचा एक संसार! लहान मूल 'मी करलं' म्हणते, तेव्हा व्याकरण त्याच्याच बाजूचे असते. पण जी क्रियापदे रोज तोंडात असतात, त्यांना सरळ व्हायला सवडच मिळत नाही. फ्रेंचांचे 'जाणे' वर्तमानात 'व्हे', भविष्यात 'इरे', आणि भूतकाळात मात्र अगदी सरळमार्गी : 'इलेताले', म्हणजे 'तो गेला'. मराठी कानाला त्यात 'आले' ऐकू येते, त्याला इलाज नाही.

पुस्तकी भूतकाळ आणखी वेगळा. नेपोलियन १७६९ साली 'नाकी', म्हणजे जन्मला, आणि १८२१ साली 'मूर्यू'. बोलताना असे कोणी म्हणत नाही. अल्बेर काम्यूने १९४२ साली 'लेत्रांजे' ही कादंबरी मुख्यतः बोलीतल्या भूतकाळात लिहिली, तेव्हा ते नवल वाटले.

पण खरी गंमत लिंगाची. जाणे, येणे, जन्मणे, मरणे ही कर्त्याप्रमाणे बदलतात : तो 'मॉर', ती 'मॉर्त'. आपलेही तसेच. लिहिण्याचे मात्र तसे नाही. 'मी चिठ्ठी लिहिली' याला फ्रेंच म्हणतो 'एक्री'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना, चिठ्ठी आधी आली म्हणून, 'एक्रीत'! हा नियम सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने सांगितला, तोही इटालियनांकडे पाहून. पोरांचे गुण तेव्हापासून कापले जात आहेत. २०१८ साली बेल्जियममधल्या दोघा माजी शिक्षकांनी तो काढून टाकण्याची सूचना केली, तेव्हा केवढा गहजब झाला! मला विचाराल, तर त्या दोघांचेच बरोबर. नियम असावा तर आपल्यासारखा : चिठ्ठी आधी येवो की मागून, ती 'लिहिली'च.