भूचर ब्रोमेलियाड (थंड हवामानातील घरगुती लागवड)

भूचर ब्रोमेलियाड या ब्रोमेलिएसी कुळातील, झाडांच्या फांद्यांवर न वाढता जमिनीत मुळे रोवून वाढणाऱ्या वनस्पती होत. मराठी वाचकांस त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे अननस. डिकिया, हेक्टिया, पुया व क्रिप्टँथस या प्रजातीही याच गटात येतात. पश्चिम आफ्रिकेतील एका जातीचा अपवाद वगळता हे कुळ मूळचे अमेरिका खंडांतील आहे.

इतिहास

अननस पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणला. आग्र्याच्या बागेत तो विपुल पिकत असल्याची नोंद जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात आहे; आग्र्याचा हिवाळा पाहता ही नोंद लक्षणीय ठरते. युरोपात अठराव्या शतकात काचगृहांतील कुंड्या चामडे कमावताना वापरलेल्या सालीच्या थरात पुरीत. आंबणाऱ्या सालीची ऊब थेट मुळांना मिळे.

निगा

वृक्षांवर वाढणाऱ्या अनेक ब्रोमेलियाडांच्या पानांच्या पेल्यात पाणी भरून ठेवतात. भूचर जाती मात्र मुख्यतः मुळांवाटे पाणी घेतात, म्हणून तो सल्ला त्यांना लागू पडत नाही. सुमारे १५ अंश सेल्सिअसखाली अननसाची वाढ जवळजवळ थांबते. अशा वेळी मातीत साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. थंडीपेक्षा थंड ओल अधिक घातक, असे म्हणता येईल. त्यामुळे हिवाळ्यात माती वरून पुरती सुकल्यावरच थोडे पाणी द्यावे, कुंडी गार फरशीवर न ठेवता पाटावर ठेवावी आणि भरपूर उजेडाची खिडकी निवडावी. माती वाळूमिश्रित, पाण्याचा निचरा होणारी हवी. डिकिया कोरड्या मातीत हलके दहिवर सोसते. क्रिप्टँथसला ते मुळीच सोसत नाही.

बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारख्या मराठवाड्यातील गावी ही काळजी हिवाळ्यातील थंड रात्रींपुरतीच घ्यावी लागते. तेथे कुंडीची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. तेव्हा दुपारची सावली आवश्यक असते.

फुलोरा

फळाचा शेंडा लावून वाढवलेल्या अननसाला घरात फुलण्यास दोन-तीन वर्षे सहज लागतात. इथिलीन वायूने फुलोरा लवकर येतो. अझोर्स बेटांवरील काचगृहांत याच कारणासाठी धूर करतात. घरी पूर्ण वाढलेले रोप पिकलेल्या सफरचंदासह आठवडाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकून ठेवतात. मात्र पिशवीवर थेट ऊन पडू देऊ नये. फळानंतर मूळ रोप हळूहळू वाळते व बुंध्याशी आलेले फुटवे निराळ्या कुंडीत लावता येतात.