राजकीय भ्रष्टाचाराचे अर्थशास्त्र : जळगाव घरकुल प्रकरणाच्या अनुषंगाने

प्रस्तावना :
भ्रष्टाचाराची चर्चा आपल्याकडे बहुधा नीतिमत्तेच्या अंगाने होते. व्यक्ती वाईट म्हणून व्यवहार वाईट, असे म्हटले की विषय संपतो. परंतु माणसे बदलूनही तोच व्यवहार पुन्हा घडत असेल, तर दोष केवळ स्वभावात नसून लाभ-हानीच्या गणितातही शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात हे गणित जळगावच्या घरकुल प्रकरणाच्या आधारे मांडले आहे.

सैद्धांतिक आधार :
गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, गुन्हा करणारा अपेक्षित लाभाची तुलना अपेक्षित शिक्षेशी करतो. अपेक्षित शिक्षा म्हणजे शिक्षेची तीव्रता गुणिले ती होण्याची शक्यता. रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी १९८८ मध्ये भ्रष्टाचाराचे सूत्र मांडले : मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार वजा उत्तरदायित्व. या दोन्ही विचारांना तिसरा घटक जोडणे आवश्यक वाटते, तो म्हणजे काळ.

प्रकरणाचे स्वरूप :
१९९० च्या दशकात तत्कालीन जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी अकरा हजारांहून अधिक घरांची योजना हाती घेतली. त्यासाठी हुडकोकडून कर्ज घेण्यात आले. प्रत्यक्षात सुमारे दीड हजार घरेच पूर्ण झाली. काम मार्गी लागण्यापूर्वीच ठेकेदारास आगाऊ रक्कम दिली गेली, हा आक्षेपाचा एक प्रमुख मुद्दा होता. २००३ मध्ये पालिकेची महानगरपालिका झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी सुमारे २९ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराची फिर्याद दिली. धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरविले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कारावास व १०० कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे कारावासाची शिक्षा झाली. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली.

विश्लेषण :
पहिला मुद्दा काळाचा. फिर्याद ते निकाल यांत तेरा वर्षे गेली. नगरसेवकाची मुदत मात्र पाच वर्षांची. दरसाल दहा टक्के दराने हिशेब केल्यास तेरा वर्षांनी भरावयाच्या एक लाख रुपये दंडाचे आजचे मूल्य सुमारे २९ हजार रुपये भरते. शिक्षा होण्याची शक्यता पाचात एक मानली, तर ते सहा हजारांच्याही खाली येते. कारावास व अप्रतिष्ठा यांचे मोल पैशात होत नाही हे खरे. तथापि विलंब त्यांचाही धाक कमी करतो. दंडाचा आकडा कितीही मोठा असला तरी लांबलेला न्याय ही भ्रष्टाचारास मिळालेली एक प्रकारची सवलतच ठरते.

दुसरा मुद्दा मतपेटीचा. फिर्यादीनंतर तीन वर्षांनी, २००९ च्या विधानसभा निवडणुकीत, उपरोक्त दोन्ही नेते विजयी झाले. २०१२ मध्ये त्यांना अटक झाली आणि २०१४ मध्ये दोघेही पराभूत झाले. त्या वर्षीचे राजकीय वारे पाहता पराभवाचे कारण केवळ अटक होती, असे म्हणता येणार नाही. एवढे मात्र दिसते की, नुसता आरोप मतदारास निर्णायक वाटला नाही. लाभ मोजक्यांच्या हाती एकवटतो आणि तोटा संपूर्ण शहरात विखुरतो. कर्जाचा वाटा प्रत्येक करदात्याच्या पदरी इतका थोडा येतो की, त्यासाठी कोणी संघर्ष करीत नाही. ज्याचे घर झालेच नाही, त्या झोपडीवासीयाचा तोटा सर्वांत मोठा. त्याचा आवाज मात्र सर्वांत क्षीण.

तिसरा मुद्दा सामूहिक निर्णयाचा. ठरावास अनेकांचे हात लागले की प्रत्येकास आपली जबाबदारी नाममात्र वाटते. ४८ जणांना दोषी ठरवून न्यायालयाने या समजाला छेद दिला, हे या निकालाचे विशेष महत्त्व होय.

चौथा मुद्दा निवडणूक खर्चाचा. २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभा उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चास मात्र मर्यादा नाही. निवडणूक ही गुंतवणूक मानली गेली की पद हे वसुलीचे साधन बनते.

निष्कर्ष :
भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने खटला दोन वर्षांत, व मुदतवाढ धरून सर्वसाधारणपणे चार वर्षांत, निकाली काढण्याचे उद्दिष्ट घातले. त्याच दुरुस्तीने खटल्यासाठी पूर्वमंजुरीचे संरक्षण माजी लोकसेवकांनाही दिले. एका हाताने विलंब कमी करावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्यास वाट करून द्यावयाची, असा हा विरोधाभास आहे. म्हणून शिक्षा वाढविण्यापेक्षा ती लवकर व निश्चित होणे अधिक परिणामकारक ठरेल. तसेच आगाऊ रकमेच्या टप्प्यावरच लेखापरीक्षण होऊन ते प्रभागात जाहीर व्हावे. गैरव्यवहार सिद्ध होण्यास तेरा वर्षे लागली, तरी रक्कम अदा होण्यास एक स्वाक्षरी पुरते. उत्तरदायित्वाची खरी जागा त्या स्वाक्षरीपाशी आहे.