गळती सांगावी, ‘गलती’ नव्हे!

जुलैमधली रात्र, साडेअकराचा सुमार. फोंडा किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या वाड्यावरच्या जुन्या घरात दोघेच वृद्ध राहत आहेत; मुले पुण्याला किंवा परदेशात. न्हाणीघरातील नळाचा सांधा अचानक सुटतो आणि पाणी उंबरठा ओलांडून वीजमीटरच्या भिंतीकडे सरकू लागते. गृहस्थ प्लंबरला फोन लावतात आणि घाईघाईने म्हणतात, ‘‘हमारे घर में गलती हो रही है, जल्दी आओ।’’ पलीकडचा तरुण क्षणभर गोंधळतो. ‘‘किसकी गलती?’’ असे तो विचारतो. मराठीतल्या ‘गळती’मधील ‘ळ’ हिंदीत आला की ‘ल’ होतो आणि शब्दाचा अर्थच पालटून ‘चूक’ असा होतो, हे त्या घडीला कुणाच्या लक्षात यावे? दोघेही समजूतदार असतात, दोघांनाही काम लवकर व्हावेसे वाटते आणि तरीही पाच-सात मिनिटे वाया जातात. भिंतीकडे निघालेले पाणी मात्र थांबत नाही.

गोव्यात हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. पूर्वी वाड्यावरचा मेस्त, कौले शाकारणारा गडी, विहिरीचा पंप दुरुस्त करणारा ओळखीचा माणूस ही सगळी मंडळी आपल्याच बोलीत बोलणारी होती. आज रात्री-बेरात्री धावून येणारा कारागीर बहुधा ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश किंवा उत्तर कर्नाटकातला असतो. त्यातही नळकाम म्हटले की ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याचे नाव घ्यावे लागते. तेथील पट्टामुंडईचा परिसर प्लंबरांचा मुलूख म्हणून देशभर ओळखला जातो. नळकामाचे शिक्षण देणारी सरकारी संस्थाही तेथे आहे. हा कारागीर आपल्याशी हिंदीत बोलतो, पण हिंदी त्याचीही मातृभाषा नसते. म्हणजे संकटकाळी दोन माणसे तिसऱ्याच भाषेत, दोघेही अडखळत, एकमेकांना समजावू पाहतात.

अशा वेळी पहिले काम भाषेवाचून होते, हे आधी ध्यानात घ्यावे. पाणी बंद करणे, वीज तोडणे, गॅस थांबवणे यांपैकी कशालाही बोलावे लागत नाही. मीटरजवळचा मुख्य कॉक चाकाचा असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की बंद होतो. दांडीचा असेल तर दांडी नळाला आडवी झाली की पाणी थांबते. पण गच्चीवर किंवा माळ्यावर टाकी असेल, तर एवढ्याने भागत नाही. मीटरचा कॉक बंद केल्यावर बाहेरून येणारे पाणी थांबते. टाकीतले पाचशे-हजार लिटर पाणी मात्र फुटलेल्या सांध्यातून वाहतच राहते. टाकीच्या तळाशी घराकडे उतरणाऱ्या नळावर जो व्हॉल्व्ह असतो, तोही बंद करावा लागतो. कित्येक घरांत तो कुठे आहे हे फक्त तो बसवणाऱ्यालाच ठाऊक असते, ही आपल्याकडची मोठी उणीव आहे.

विजेच्या बाबतीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मेन स्विचपर्यंतची जमीन आणि आपले हात कोरडे असतील तरच स्विच पाडावा. पाण्यात उभे राहून किंवा ओल्या भिंतीला टेकून पेटीला हात लावू नये. तेथे पोहोचणे धोक्याचे असेल तर घराबाहेर पडून वीज खात्याला कळवावे. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. आग किंवा जीविताचा धोका असेल तर ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१. गॅसचा वास आला असेल तर प्लंबर वा इलेक्ट्रिशियन यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, कोणताही दिवा लावू नये आणि लागलेला विझवूही नये, कारण बटणाच्या ठिणगीनेही भडका उडू शकतो. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडली म्हणून निर्धास्त होऊ नये, दारही उघडे ठेवावे. मग बाहेर अंगणात जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा. ‘गॅस लीक’ हे दोन शब्द देशात कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतात.

पुरवठा थांबला की संकटाची धार बोथट होते आणि बोलायला सवड मिळते. इथे आपली खरी अडचण सुरू होते. आपल्याला हिंदी येते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आपण पुष्कळदा मराठीलाच हिंदी प्रत्यय लावून बोलत असतो. ‘टाकी खाली है’ असे आपण म्हणतो तेव्हा टाकी खालच्या बाजूला आहे, असे आपल्या मनात असते; ऐकणारा मात्र टाकी रिकामी आहे असे समजून निर्धास्तपणे सांधा उघडतो. ‘वास आ रहा है’ हे वाक्य त्याला उमगत नाही, कारण हिंदीत ‘वास’ म्हणजे निवास. तेथे ‘जलने की बू’ किंवा ‘बदबू’ म्हणावे लागते. ‘कल से पानी टपक रहा है’ यात ‘कल’ म्हणजे काल हे क्रियापदावरून कळते, पण ‘कल आऊँगा’ ऐकताना ‘उद्या’ हे आपण समजून घ्यावे लागते. ‘परसों’चीही तीच तऱ्हा. आपल्या गोव्यात आणखी एक घोटाळा संभवतो. कोकणीत कौलांना ‘नळे’ म्हणतात. ‘नळे फुटले’ असा निरोप तिसऱ्याच्या मुखातून गेला तर कौले बसवणाऱ्याऐवजी पाइपाचा पाना घेऊन प्लंबर दारात उभा राहतो.

उलट, थोडेसे नेमके शब्द जवळ असले तर फार फरक पडतो. पाणी थेंब थेंब पडत असेल तर ‘टपक रहा है’, भिंतीतून झिरपत असेल तर ‘रिस रहा है’, धार लागली असेल तर ‘बह रहा है’. या तिन्हींसाठी कारागीर वेगवेगळे सामान घेऊन येतो. भिंतीची ओल म्हणजे ‘सीलन’. नळाचे आटे झिजले हे सांगायला ‘चूड़ी घिस गई’ म्हणावे. बांगडीचा शब्द पाइपाला कसा, असा प्रश्न पडू देऊ नये. शॉक बसतो यासाठी ‘करंट मार रहा है’ हे शब्द पुरेसे आहेत, आणि ते ऐकल्यावर कोणताही इलेक्ट्रिशियन सावध होतो. कॉक, व्हॉल्व्ह, मेन स्विच, एमसीबी, अर्थिंग, मोटार, चोकअप हे शब्द तर सर्व भाषांनी आपलेसे केलेले आहेत. त्यांना शुद्ध मराठी किंवा शुद्ध हिंदी प्रतिशब्द शोधत बसण्याची ही वेळ नव्हे.

गंमत अशी की ओडिशाच्या माणसाशी बोलताना कधी कधी हिंदीच मध्ये येते. ओडिया भाषेत मराठीप्रमाणेच ‘ण’ आणि ‘ळ’ आहेत. पाण्याला तेही ‘पाणी’च म्हणतात आणि नळाला ‘नळ’. आपण मोठ्या प्रयासाने ‘नल’ आणि ‘पानी’ म्हणतो, तोही त्याच्या घरचे शब्द बाजूला सारून तेच करतो. कर्नाटकातल्या कारागिराची गोष्ट निराळी. बेळगाव भागातला असेल तर त्याला मराठी कळण्याचा संभव बराच असतो. तेव्हा आधी सरळ मराठीत विचारून पाहावे. अगदीच जमले नाही तर पाणी म्हणजे ‘नीरु’, गळते आहे म्हणजे ‘सोरुत्तिदे’ आणि बंद करा म्हणजे ‘बंद माडी’ एवढे पुरते.

आता पत्ता. आपल्याकडे पत्ता रस्त्याच्या नावाने नव्हे, खुणांनी सांगितला जातो: ‘क्रॉसकडून डावीकडे, वडाच्या पुढे, पोदेराच्या घरामागे’. बेंगळुरूत काम केलेल्या माणसाला ‘क्रॉस’ म्हणजे आडवा रस्ता, आपल्याला मात्र वाटेवरचा पवित्र खुरीस. ‘क्रॉसकडे थांबतो’ म्हटल्यावर तो पहिल्या आडवाटेला वळून भलत्याच वाड्यात शिरतो. त्यापेक्षा पंचायत कार्यालय, शाळा, रेशन दुकान, पेट्रोल पंप अशा पाटी असलेल्या ठिकाणाचे नाव द्यावे आणि मोबाइलवरून घराचे ठिकाण पाठवावे. पावसात नेटवर्क गेले असेल तर शेजारच्या मुलाला विजेरी देऊन मुख्य रस्त्यावर उभे करणे हा जुना उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे.

बोलण्याहून दाखवणे केव्हाही सोपे. दोन छायाचित्रे आणि अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाठवली की कारागिराचे निम्मे प्रश्न सुटतात. पहिले छायाचित्र थोडे दुरून घ्यावे, म्हणजे नळ कोणत्या भिंतीतून येतो ते दिसेल. दुसरे जवळून, शेजारी हात किंवा नाणे ठेवून, म्हणजे जाडी कळेल. नळाचा रंग मुद्दाम उजेडात दाखवावा. जुना लोखंडी जस्त चढवलेला नळ, पांढरा प्लास्टिकचा आणि फिकट पिवळसर, गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी या तिन्हींचे जोड आणि चिकटद्रव्ये वेगवेगळी असतात. रात्री हार्डवेअरची दुकाने बंद असतात. चुकीचा जोड आणला तर दुरुस्ती सकाळवर जाते. ‘अर्धा इंच’ ऐवजी तो ‘चार सूत’ म्हणाला तर दचकू नये. कारागिरांच्या हिशेबात आठ सूत म्हणजे एक इंच.

मोबाइलवरील भाषांतराची सोयही कामी येते. गूगलच्या भाषांतरात मराठी, हिंदी, कन्नड आणि बंगालीबरोबर ओडिया २०२० मध्ये आणि कोकणी २०२२ मध्ये आली. पण यंत्राशी बोलताना आपली भाषा सपाट करावी लागते. ‘मोटार बसली’, ‘फ्यूज उडाला’, ‘पंख्याने मान टाकली’ ही वाक्ये आपल्याला बोलकी वाटतात. यंत्र मोटारीला खरोखर खाली बसवू शकते. ‘पाण्याची मोटार सुरू होत नाही. बटण दाबल्यावर आवाज येतो. जळल्याचा वास येतो.’ अशी तुटक, एका वाक्यात एकच गोष्ट सांगणारी रचना करावी. भाषांतर उलट मराठीत करून वाचले की घोटाळा लगेच दिसतो.

मजुरीची बोलणी बहुतेक वेळा आकड्यांवरून फिसकटतात. मराठी ‘दीड’ आणि ‘अडीच’ हिंदीत ‘डेढ’ आणि ‘ढाई’ होतात. ‘पंचावन्न’ आणि ‘पचपन’ कानाला नातलग वाटत नाहीत. मध्यरात्री, चिंतेत, अर्धवट ऐकलेला आकडा दुसऱ्या दिवशी भांडणाचे कारण ठरतो. काम सुरू होण्याआधी रक्कम मोबाइलच्या पडद्यावर अंकांत लिहून एकमेकांना दाखवावी. येण्याचे पैसे, मजुरी आणि सामान वेगवेगळे. रात्रीचा दर दिवसापेक्षा जास्त असणार हे मात्र मान्य करावे. वादळी पावसात दुचाकीवरून येणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणे शोभत नाही.

आणि एक बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. आपण सांगितलेले त्याला कळले की नाही याची काळजी आपण करतो. त्याने जाताना सांगितलेले आपल्याला कळले का? चिकटवलेला जोड सुकेपर्यंत पाणी सोडायचे नसते. ‘अभी पानी मत खोलना’ हे वाक्य घाईत ‘आता पाणी उघडा’ असे ऐकले गेले तर सगळे काम वाया जाते. केव्हा सोडायचे ती वेळही अंकांत लिहून घ्यावी. केलेले काम ‘काम चलाऊ’ आहे की ‘पक्का’ हेही विचारावे, कारण रात्रीची दुरुस्ती पुष्कळदा सकाळपर्यंत तग धरण्यापुरतीच असते आणि तसे सांगणारा कारागीर प्रामाणिकच म्हणायचा. विजेचे काम असेल तर त्याने कोणते बटण पाडून ठेवले आहे ते त्याला बोटाने दाखवायला लावावे आणि त्यावर कागदाची पट्टी चिकटवावी. सकाळी कामाला येणारी बाई नकळत ते वर करणार नाही.

या साऱ्याची तयारी कोरड्या दिवसांतच करून ठेवता येते. मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला एक कागद लावावा: मुख्य कॉक कुठे, टाकीचा व्हॉल्व्ह कुठे, आपत्कालीन क्रमांक, ओळखीच्या दोन कारागिरांचे क्रमांक, आणि घराचा पत्ता मराठी व हिंदीत, जवळच्या सार्वजनिक खुणेसह. हिंदी मजकूर शेजारच्या एखाद्या हिंदीभाषक माणसाकडून वाचून घ्यावा. मुले परगावी असतील तर त्या कागदाचे छायाचित्र त्यांच्या मोबाइलमध्येही असू द्यावे. पुण्याहूनही ती कारागिराशी आपल्यापेक्षा सफाईने बोलू शकतात. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, मुख्य कॉक आणि टाकीचा व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडून पाहावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह अडकून बसतो. तो दिवसा, कोरड्या हाताने फिरत नसेल तर प्लंबरला तेव्हाच बोलवावे. त्या वेळी घाई नसते, दुकाने उघडी असतात, आणि दोन-चार शब्द परस्परांकडून शिकायलाही सवड मिळते.