राउटर चामोर्शीत, चावी कुणाकडे?

बँकेत किंवा तहसील कार्यालयात ‘लिंक फेल आहे’ असे ऐकले की गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीला आलेला माणूस समजून जातो, आजची फेरी फुकट. दोष बहुधा तारेच्या माथी मारला जातो, आणि रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते तेव्हा ते खरेही असते. पण तार शाबूत असूनही कार्यालय तुटते. कारण तिच्या टोकाला, कोपऱ्यातल्या रॅकमध्ये, एक राउटर असतो. केंद्राने मार्च 2005 मध्ये मंजूर केलेल्या ‘स्वान’ (स्टेट वाइड एरिया नेटवर्क) योजनेने राज्याच्या राजधानीपासून तालुक्यापर्यंत जाळे नेले, दर दुव्याला किमान 2 मेगाबिट धरून. दुवा मोजला गेला, टोकाचा राउटर कुणी सांभाळायचा याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. माझ्या मते चामोर्शीसारख्या ठिकाणी हे काम सेवा पुरवठादारानेच करावे. मात्र त्याला आत शिरायची वाट अरुंद असावी.

वाट अरुंद का, हे अशी कार्यालये जोडणाऱ्या एमपीएलएस व्हीपीएनच्या, म्हणजे पुरवठादाराच्या सामायिक जाळ्यावरील आभासी खासगी जाळ्याच्या, रचनेत दडले आहे. पुरवठादाराच्या एकाच जाळ्यावरून अनेक ग्राहकांची वाहतूक जाते आणि त्याच्या राउटरात प्रत्येकाचा मार्गतक्ता वेगळा असतो. म्हणून दोन बँकांनी 10 ने सुरू होणारे तेच खासगी पत्ते वापरले तरी गोंधळ होत नाही. पण या भिंतीमुळे पुरवठादाराच्या नियंत्रण कक्षालाही ग्राहकाच्या राउटरापर्यंत थेट पोहोचता येत नाही. त्यासाठी व्यवस्थापनाचे स्वतंत्र व्हीपीएन करतात आणि प्रत्येक राउटराला कुठेही पुन्हा न येणारा एकच पत्ता देतात. तेवढा पत्ताच कक्षाला दिसावा, आणि एका ग्राहकाचा राउटर दुसऱ्याला कधीच दिसू नये. इथे आळस करून ग्राहकाचे सगळे मार्ग आत सोडले, की देखभालीची वाट म्हणजेच भिंतीतले भगदाड.

‘राउटर आमच्या इमारतीत, पासवर्ड परक्याकडे कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. पण प्रत्येक तालुक्यात जाणकार माणूस ठेवणे कुणालाच परवडत नाही. गोपनीयतेची भीती असेल तर हे लक्षात घ्यावे की एमपीएलएस वाहतूक वेगळी ठेवते, कूटबद्ध करत नाही. बँकेने राउटराच्या आतल्या बाजूला स्वतःचे कूटलेखन यंत्र बसवले तर पासवर्ड कुणाकडे आहे याने मजकूर फुटत नाही. खरा धोका वेगळाच आहे. ज्या दुव्यावरून दुरुस्ती चालू आहे तोच चुकीच्या आज्ञेने बंद पडला, तर बसलेली फांदीच तोडली गेली. मग गाडी पाठवण्यावाचून गत्यंतर नाही. यावर साधी युक्ती आहे: बदल करण्याआधी, दहा मिनिटांनी राउटर आपोआप पुन्हा सुरू होईल अशी वेळ लावायची आणि सारे ठीक दिसले तरच ती रद्द करायची. नाहीतर जतन केलेली जुनी मांडणी परत येते. सोबत मोबाइल सिमची दुसरी वाटही हवी. मात्र गावातला टॉवर त्याच केबलवर असेल तर ती वाट नावापुरतीच, आणि टॉवर कोणत्या केबलवर आहे हा प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायचा असतो. नव्या एसडी-वॅनने, म्हणजे सॉफ्टवेअरने एका जागेवरून चालवायच्या जाळ्याने, हे सगळे कालबाह्य होईल असे विक्रेते सांगतात. तिथे चावी राउटरातून मध्यवर्ती नियंत्रकात जाते, इतकाच फरक. म्हणून करारात ग्राहकाला फक्त पाहण्यापुरता प्रवेश, मांडणीची रोजची प्रत आणि कोणता बदल कुणी केला याची नोंद, या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.