आधी झाडे, मग पुतळा

नेत्याचे स्मारक म्हटले की आपल्यापुढे आधी चौथरा येतो. वॉशिंग्टन शहरात पोटोमॅक नदीतल्या एका बेटावर मात्र क्रम उलटा होता. थिओडोर रूझवेल्ट १९०१ ते १९०९ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी सुमारे २३ कोटी एकर जमिनीला संरक्षण दिले. त्यांच्या स्मृतीसाठी एका संस्थेने १९३१ मध्ये हे बेट विकत घेतले. एकेकाळी इथे शेती आणि बागा होत्या. मंदीच्या त्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी परकी झाडोरा काढून तिथल्याच मातीतली हजारो झाडे लावली. १७ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले ते थेट १९६७ मध्ये! आजही मोटारी काठावरच थांबतात. बेटावर पायीच जावे लागते. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला तरी भागते. लावलेले जंगल मात्र रोज राखावे लागते.